डावीकडची भट्टी

"औषध घेतलं असतं, तर झटके थांबले असते," डॉक्टर म्हणाले. "थांबले नाहीत, याचा अर्थ घेतलं नाही. यात न समजण्यासारखं काय आहे?"

धनीबाई टेबलापुढे उभी होती. बाशीमच्या सरकारी दवाखान्यातल्या त्या खोलीत रोग्यांसाठी बाक होता. परंतु बस, असे तिला कोणी म्हटले नव्हते. खिडकीतून फाल्गुनाचे ऊन तिच्या तोंडावर येत होते आणि तोंडावरचे फोड त्या उन्हात अधिकच लाल दिसत होते. औषध सुरू झाल्यापासून ते उठले होते. आधी कपाळावर, मग गालांवर, मग पाठभर. तिने ते दाखवले, तेव्हा डॉक्टर म्हणाले होते, "भट्टीपुढे बसणारी माणसं तुम्ही. धूर, घाम, घाण. साबणानं तोंड धूत जा."

"रोज घेतलं, साहेब," ती म्हणाली. "सकायी घेतलं, दिवस बुडता घेतलं. खारं लागते. मिठाच्या पान्यावानी."

"चव सांगता आली म्हणजे औषध पोटात गेलं, असं होत नाही. तुम्ही लोक दोन दिवस घेता, तिसऱ्या दिवशी अंगारा लावता आणि बाटली उकिरड्यावर ओतता." डॉक्टरांनी तिच्या मागे उभ्या असलेल्या बिजाबाईकडे, तिच्या सासूकडे पाहिले. "आजी, बाटली तुमच्या ताब्यात ठेवा. मात्रा वाढवून देतो. शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या देखत पाजा. साक्षीदार असले म्हणजे लबाडी चालत नाही."

"पाजीन, बाप्पा," बिजाबाई हात जोडून म्हणाली.

"आणि हिला विस्तवापासून लांब ठेवा."

दाराशी उभा असलेला इंद्रभान तेव्हा पहिल्यांदा बोलला. "साहेब, आमी खाती आहो. रिठदचे. लोखंडाचं काम हाये आमचं. हे घण मारते."

"मग दुसरं कोणी मारेल," डॉक्टर म्हणाले आणि त्यांनी पुढच्या रोग्याला हाक दिली.

परत जाताना तय्यबची गाडी मिळाली. तय्यब रिठदचाच, कापसाचे गाडे भरून बाशीमच्या जिनात पोचवणे हा त्याचा धंदा. रिकाम्या गाडीत कापसाच्या काड्या आणि गोणपाट पडले होते. बिजाबाई बाटली दोन्ही हातांत धरून बसली होती.

"काय म्हनला डॉक्टर, भाभी?" तय्यबने विचारले.

"लबाड म्हनला."

"आन तुमी काय म्हनलं?"

"मी कायले काय म्हनू? त्याच्याजवळ टेबल हाये."

तय्यब हसला. "हा माहा डावा बैल उतारावर लंगडते, पन जनावराच्या डॉक्टरापुढं नेला का सरळ चालते. तो म्हनते, तय्यब, तूच झूट बोलून राह्यला. अल्लाची मर्जी. बैलही खरा, मीही खरा, पन डॉक्टर लय खरा."

"बैलाचं अन् मानसाचं एक करू नोको रे," बिजाबाई खेकसली. "सरकारी औषध खोटं राह्यते काय? माह्या पोराच्या नशिबी आलं ते आलं. आता माह्या डोयापुढं घीन हे. पाह्यतो मी."

इंद्रभान गाडीच्या मागच्या टोकाला पाय सोडून बसला होता.

दुसऱ्या दिवसापासून बिजाबाईने डॉक्टरांचा हुकूम पाळायला घेतला. शेजारी म्हणजे कोण, हे ठरवण्यात तिला अडचण पडली नाही. सकाळी भट्टी पेटली की मांडवात माणसे जमतच. विळे, कुऱ्हाडी, वखराच्या पासा घेऊन आलेले शेतकरी, त्यांचे गडी, खुरपी घेऊन आलेल्या बायका. ज्याचे काम असेल त्याने भाता ओढायचा, हा मांडवाचा रिवाज. त्यामुळे कोणी ना कोणी सदैव हजर. बिजाबाई बाटली आणि काशाची वाटी घेऊन उंबऱ्यावर येई आणि सुनेला हाक मारी. धनीबाई घण टेकवून येई. बिजाबाई औषध ओती, वाटी वर करून सगळ्यांना दाखवी, मग सुनेच्या तोंडाला लावी.

"पाह्यलं का, बाप्पा, सगळ्यायनं?"

"पाह्यलं, माय."

"आ कर, धने. जीभ वर कर."

धनीबाई आ करी. गावातली माणसे, ज्यांच्यापुढे तिने लग्न होऊन आल्यापासून डोक्यावरचा पदर ढळू दिला नव्हता, ती तिच्या जिभेखाली पाहत. एके दिवशी गोविंदसिंग ठाकूर आपल्या गड्यासोबत आला होता. गावातली सगळ्यांत मोठी काळी जमीन त्याची. तो स्वतः मांडवात क्वचितच येई. खाटेवर बसून त्याने तो सोहळा पाहिला आणि विचारले, "गिटलं का बराबर? का गालात ठेवलं?"

माणसे हसली. धनीबाईने वळून ठाकुराकडे पाहिले.

"बोट घालून पाह्यता काय, ठाकूर?"

हसणे एकदम थांबले. बिजाबाईने तिच्या पाठीत धपाटा घातला. इंद्रभानने सांडशीतले लोखंड परत निखाऱ्यात खुपसले आणि मान वर केली नाही.

झटके थांबले नाहीत. विहिरीवर एकदा आला. तिची मान उजवीकडे वळली, उजवा हात ताठ झाला, आणि ती उजव्या अंगावर कोसळली. नेहमी तसेच होई. बायकांनी नाकाला कांदा लावला, मुठीत किल्ली कोंबली. शुद्धीवर आली तेव्हा लुगडे ओले झालेले, जिभेतून रक्त येत होते, आणि ज्या बायकांनी सकाळी उंबऱ्यावर साक्ष दिली होती त्यांतलीच एक म्हणत होती, "मांगून थुकून देत असन वं. नाईतर काहून येईन?"

औषधाने झटक्याऐवजी बाकी सगळे घेतले. धनीबाईच्या पायांतला जोर गेला. बोलताना शब्द सापडेना. भाकरी थापता थापता ती पेंगू लागे. आणि आणखी एक गोष्ट होत होती, जी घरात सर्वांनी पाहिली होती आणि जिचा उच्चार दवाखान्यात कोणीही केला नव्हता. कधी कधी ती मध्येच थांबे. पडत नसे. डोळे उघडे असत, ओठ काही चघळल्यासारखे हलत, आणि हातात जे काम असेल ते हात करतच राहत. एकदा जात्यातली ज्वारी संपली, तरी ती रिकामे जाते फिरवत राहिली. बिजाबाई त्याला माज म्हणे. इंद्रभान आणि धनीबाई त्याला औषधाची गुंगी समजत. डॉक्टरांनी विचारले नव्हते, आणि औषधाची तक्रार पुन्हा डॉक्टरांकडे करायची त्यांची छाती नव्हती.

होळीनंतरची गोष्ट. मांडवात तय्यबच्या जोखडाची लोखंडी खीळ आणि एका शेतकऱ्याच्या वखराची झिजलेली पास, एवढेच काम होते. तय्यब भाता ओढत होता.

पास म्हणजे वखराचे आडवे पाते; ती लांब असते. ती तापवून, तिची झिजलेली धार घणाखाली पुढे ओढून काढावी लागते. इंद्रभान ऐरणीच्या आतल्या बाजूला, भिंतीकडे पाठ करून बसला होता. डाव्या हातात सांडशी, उजव्यात हातोडी. धनीबाई समोर उभी. या कामात बोलणे नसते. खाती हातोडीने जिथे टिचकी मारील, तिथे घण पडायचा. टिचकी, घण. टिचकी, घण. हातोडी ऐरणीच्या कडेवर दोनदा वाजली, की घण थांबायचा. इतक्या वर्षांत एवढ्यापलीकडे त्यांना सांगावे लागले नव्हते, आणि इंद्रभानला बाकीच्या संसारातही धनीबाईशी बोलायला याहून सोपी भाषा सापडली नव्हती.

लोखंडाचा रंग उतरला. इंद्रभानने हातोडी कडेवर दोनदा वाजवली, ती खाली ठेवली, आणि ऐरणीवर साचलेली लोखंडाची खपली झटकण्यासाठी डावा हात पुढे केला.

घण पडला.

तय्यब ओरडला. इंद्रभानने वर पाहिले. धनीबाईचे डोळे उघडे होते. ओठ हलत होते. घण पुन्हा खांद्यावर गेला होता. तय्यबने भाता सोडून झेप घेतली आणि मागून दांडा धरला. तिचे हात त्याच्याशी जोराने नाही, पण सवयीने झगडत राहिले. मग ते सैल पडले. तिने तय्यबकडे पाहिले, ऐरणीकडे पाहिले.

"कोनाचं रगत हाये?" तिने विचारले.

पुन्हा तीच गाडी, तोच रस्ता, तीच खोली. इंद्रभानच्या डाव्या हाताची करंगळी, तिच्याजवळचे बोट आणि मधले बोट यांचा चेंदा झाला होता. डॉक्टरांनी ती काढली. अंगठा आणि पहिले बोट राहिले. काम डॉक्टरांनी चांगले केले. ते नाकारण्याचे कारण नाही. हात धुताना त्यांनी विचारले, "काय झालं होतं?"

धनीबाईने सांगितले. जेवढे तिला तय्यबकडून कळले होते तेवढे.

"हात चालू, डोळे उघडे, भान नाही," डॉक्टर म्हणाले. "असं आधी व्हायचं?"

"व्हायचं. आमी म्हनलं, औषधाची गुंगी."

"गुंगी नव्हे. तोही झटकाच. लहान झटका."

इंद्रभान पट्टी बांधलेला हात छातीशी धरून बाकावर बसला होता. या वेळी त्याला बसायला सांगितले होते. त्याने एकदा डॉक्टरांकडे आणि एकदा बायकोकडे पाहिले.

"औषध बंद केलं होतं का?" डॉक्टरांनी विचारले.

तय्यब दारातून पुढे आला. "हुजूर, गुस्ताखी माफ. सारं गाव गवाह हाये. या बाईनं दररोज उंबऱ्यावर बसून पेलं. जबान वर करून दाखवली. मी पाह्यलं, ठाकूरसाहेबानं पाह्यलं. बकरी भी इतकी तपासत नाई कोनी बाजारात."

डॉक्टरांनी टॉवेल खुंटीवर ठेवला. त्यांनी धनीबाईला उजेडात बोलावले आणि पहिल्यांदाच तिच्या तोंडावरचे फोड जवळून पाहिले. मग कंपाउंडरला म्हणाले, "मात्रा निम्मी करा. हे फोड औषधाचेच आहेत." आणि तिला म्हणाले, "काही रोग्यांना हे औषध लागू पडत नाही. पूर्ण घेतलं तरी झटके येत राहतात. असतात असे."

"हे तुमाले कधी समजलं?"

"समजायचं काय त्यात? पुस्तकात आहे."

"म्हनजे तुमाले पयलेपासून मालूम व्हतं."

"बाई, इथे येणाऱ्यांतले बहुतेक खोटं बोलतात. औषध घेत नाहीत आणि..."

"मी तुमाले बहुतेकायचं नाई विचारलं," धनीबाई म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. औषधाने जड झालेल्या जिभेवर प्रत्येक शब्द ती उचलून ठेवत होती. "माह्यं विचारलं. मी औषध पेलं. माह्यं तोंड सडलं. माह्यं डोकं गेलं. औषध हरलं, अन् लबाड मी. काहून?"

कंपाउंडर बाटलीला बूच लावता लावता थांबला. डॉक्टर तरुण होते. त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

"दुसरं औषध हाये का?" तिने विचारले.

"एक गोळी आहे. नागपूरला मिळेल कदाचित. तिचाही भरवसा देता येत नाही."

"अन् हे दुखनं राह्यन?"

"राहील."

"मंग तेवढं पयल्या दिवशी सांगाले पाह्यजे व्हतं," ती म्हणाली आणि बाटली तिने कंपाउंडरच्या हातातून स्वतः घेतली.

हात भरून यायला चैत्र गेला. तेवढ्यात गावात जे बोलायचे ते बोलून झाले. बायकोने नवऱ्याचा हात खाल्ला. खात्याच्या ऐरणीला बाईची नजर लागली. तापल्या सळईने कपाळावर डाग द्या, असे एकाने सुचवले. आणि तो डाग द्यायला गावात एकच भट्टी आहे, हे लक्षात आल्यावर तो ओशाळून हसला. बिजाबाईने मनात ठरवून टाकले होते. धनजला तिच्या भावाची मुलगी होती. धडधाकट, कामाची.

"हिले माहेरी धाड," ती मुलाला म्हणाली. "तिकडं बसून पडन तिले पडाचं तितकं. त्या पोरीले आनू. तिचा भाऊ भी येईन, घण मारीन. खात्याचं घर हाये, बंद नाई पडू देत मी."

"अन् सांडशी?" इंद्रभानने विचारले. "सांडशी कोन धरीन?"

इंद्रभानने सर्व करून पाहिले होते. सांडशीच्या दांड्यांवर लोखंडी कडी सरकवली, म्हणजे पकड आपोआप आवळलेली राहील. पकड राहिली. पण लोखंड नुसते धरायचे नसते. घाव आणि घाव यांच्यामध्ये ते वळवायचे असते, आणि ते वळण मनगटातून नव्हे, गेलेल्या बोटांतून येत होते. अंगठा आणि एक बोट यांच्यात सांडशी फिरत असे आणि लाल लोखंड मातीत पडे.

वैशाख लागला. मृगाच्या आत गावातली प्रत्येक पास, प्रत्येक फाळ भट्टीतून जायला हवा होता. गोविंदसिंगाने गड्याकरवी निरोप धाडला: वैशाखी पौर्णिमेपर्यंत भट्टी पेटली नाही, तर रिसोडचा खाती आणून बसवतो, गावाचे बलुत्याचे दाणे त्याला जातील, आणि मांडवाची जागाही.

निरोप ऐकून बिजाबाई रडू लागली. धनीबाई उठली, परसातून कुदळ घेऊन आली आणि मांडवात जाऊन तिने भट्टीवर पहिला घाव घातला.

"अवं! काय करून राह्यली?" बिजाबाई धावत आली. "बह्याडी झाली काय? माह्या मालकाच्या हातची भट्टी हाये ते!"

"भट्टी मोडत नाई, आत्याबाई. जागा बदलून राह्यली."

"कायले?"

"मी उजवीकडे पडतो म्हनून." तिने कुदळ टेकवली. दम लागला होता. "सांडशी मी धरीन. आत मी बशीन. भट्टी उजवीकडे राह्यली तर तोंडावर निखाऱ्यात जाईन. डावीकडे राह्यली तर मातीत पडीन."

ऐरणीच्या आत बाई बसत नाही. घण मारते, भाता ओढते, कोळसा आणते, पण आतल्या जागेवर पाय ठेवत नाही. हा नियम इतका जुना होता, की तो मोडणाऱ्यासाठी शिवीसुद्धा तयार नव्हती. बिजाबाई मुलाकडे वळली. "तू ऐकून राह्यला का रे? सांग तिले!"

इंद्रभान खांबाला टेकून उभा होता. "धने, आतून बाई बसत नाई."

"कोनं सांगतलं?"

"बुवायनं. माह्या बापानं."

"बुवायनं भट्टी उजवीकडे काहून लावली व्हती?"

इंद्रभान नाइलाजाने म्हणाला, "ते डावखुरे व्हते. सांडशी उजव्या हातात धरत."

"तुमी डावखुरे हा?"

"नाई."

"मंग इतकी वर्सं लाल लोखंड पोटावरून इकडून तिकडं काहून नेत व्हते?"

इंद्रभानने आपल्या मांड्यांकडे पाहिले. मागच्या प्रत्येक उन्हाळ्यात तिथे ठिणग्यांचे डाग पडले होते.

"घण माह्या हातात राह्यला, तर तुमचा दुसरा हात भी जाईन," धनीबाई म्हणाली. "सांडशी राह्यली, तर भाजन ते मलेच भाजन. घणाले मूठ लागते, ते तुमच्या उजव्या हाताले हाये. डावा नुसता वळन द्याले. अन् माह्यं तोंड तुमच्यापुढं राहीन. ओठ हलले का घण खाली ठेवजा. डॉक्टरनं पाह्यलं नाई, गावानं पाह्यलं नाई. तुमी तरी पाहा."

हे शेवटचे वाक्य तिने रागाने म्हटले, आणि तो राग नवऱ्यावरही होता. उंबऱ्यावर ती आ करून उभी असताना तो निखारे हलवत बसला होता. त्याला ते समजले. त्याने पुढे होऊन तिच्या हातातली कुदळ घेतली नाही. फावडे घेतले आणि सुटलेली माती ओढू लागला.

बिजाबाई अंगणात जाऊन पाठ फिरवून बसली.

नवी भट्टी वाळेपर्यंत त्यांनी थंड्या लोखंडावर सराव केला. तो सुखाचा नव्हता. धनीबाईला लोखंड समोरून ठाऊक होते. आतून ते वेगळे दिसत होते. तिची टिचकी उशिरा पडे, इंद्रभानचा घण आधी. तो चिडे. "वळव! वळव नं! मेल्यावर वळवशीन काय?" आणि ती म्हणे, "मी घण मारत होतो तवा एक बार भी असं बोललो असतो, तर तुमी मले विहिरीत ढकललं असतं." घणाचा दांडा त्याच्या बोटे गेलेल्या तळव्यावर घासून जखम पुन्हा उघडली, त्याने तिथे चामड्याची पट्टी बांधली. औषध ती घेत राहिली, निम्म्या मात्रेने. पण चुलीजवळ, एकटी. दवाखान्यातून परतल्यानंतरच्या पहिल्या सकाळी बिजाबाई सवयीने वाटी घेऊन उंबऱ्यावर आली, तेव्हा धनीबाईने ती तिच्या हातातून घेतली होती. "औषध घीन, आत्याबाई. तमाशा नाई."

पौर्णिमेच्या आदल्या दिवशी भट्टी पेटली. धूर पाहून पहिला आला तो गोविंदसिंग, आणि स्वतः आला. त्याचे सगळे गडी शेतात काडीकचरा वेचत होते. खांद्यावर पास. मांडवात शिरताच तो थबकला. भट्टी डावीकडे. ऐरणीच्या आत धनीबाई, लुगड्याचा काचा आवळलेला. समोर घण घेऊन इंद्रभान.

"ये क्या नौटंकी हाये?"

"पास आना," धनीबाई म्हणाली.

"बाईच्या हातून माह्या वखराची पास? लोकं काय म्हनतीन मले?"

"लोकं साक्षीले येतच होते नं रोज. आताही येतीन. आना."

ठाकुराने इंद्रभानकडे पाहिले. इंद्रभानने हात पुढे करून पास घेतली आणि बायकोपुढे ठेवली. ठाकूर भाता ओढायला बसणे शक्यच नव्हते. तेव्हा इंद्रभाननेच घण टेकवून भाता ओढला. लोखंडावर रंग आला. धनीबाईने सांडशीने पास ओढून ऐरणीवर घेतली. टिचकी, घण. टिचकी, घण. चुकत होते, पण धार पुढे सरकत होती. ठाकूर उभ्याउभ्या पाहत राहिला.

दुसऱ्यांदा तापून पास बाहेर आली आणि टिचकी पडली नाही.

इंद्रभानने घण खांद्यावरच थांबवला. तिचे ओठ हलले नव्हते. मान उजवीकडे वळत होती. त्याने घण मागे टाकला. तिचा उजवा हात ताठ झाला, डाव्यातली सांडशी सुटली आणि लाल पास ऐरणीवरून तिच्या पायाकडे घसरली. त्याने ती अनवाणी पायाने बाजूला लोटली. कातडी जळल्याचा वास आला. तो त्याच्या तळव्याचा होता. धनीबाई उजव्या अंगावर, उकरून मऊ केलेल्या मातीवर कोसळली. भट्टी तिच्या पाठीमागे लांब राहिली.

"कांदा आना! जोडा सुंघवा!" ठाकूर ओरडला. अंगणातून बिजाबाई उठून आली आणि खांबाशी थांबली.

"कायी नोको," इंद्रभान म्हणाला. तो बायकोच्या शेजारी बसला, तिचे डोके मांडीवर घेतले, लाळ पुसली आणि वाट पाहत राहिला. तिचे अंग ऐरणीच्या ठोकळ्यावर आपटत होते तिथे त्याने आपला पाय घातला.

धनीबाईने डोळे उघडले. बराच वेळ ती मांडवाच्या छपराकडे पाहत राहिली. मग उठून बसली. लुगडे ओले झाले होते. तिने ते पाहिले, पदराने मांड्या झाकल्या, तोंडातले रक्त मातीत थुंकले. घोट्यावर पास टेकली होती तिथे बोटभर फोड आला होता.

ठाकुराने मातीत पडलेल्या पासेकडे हात केला. आवाज त्याने मऊ केला होता. "राहू दे, धनीबाई. तुले बरं नाई. मी उद्या येईन."

"उद्या भी मी अशीच राहीन, ठाकूर," ती म्हणाली. शब्द जड येत होते; ते नीट होईपर्यंत ती थांबली. "परवा भी. तुमच्या उद्यानं माह्यं कायी होत नाई."

ती सरकत ऐरणीच्या आत गेली, सांडशी शोधून हातात घेतली आणि थंड पडलेली पास निखाऱ्यात खुपसली. इंद्रभान लंगडत घणाकडे गेला. भात्याशी कोणीच नव्हते. निखाऱ्यांवर राख धरू लागली.

"ज्याचं काम, त्यानं भाता ओढाचा," धनीबाई म्हणाली. "बसा."

गोविंदसिंगाने खांबाशी उभ्या असलेल्या बिजाबाईकडे पाहिले, मग रस्त्याकडे पाहिले. मग तो धोतर सावरून भात्याशी बसला आणि ओढू लागला.

"जोरानं," ती म्हणाली.